गांडूळखत अडते, जातिवाचक शिवी सुटते: एका मराठी श्रुतलेखन सेवेचे परीक्षण

ध्वनिमुद्रण ऐकून त्याचा लिखित मजकूर करून देणारी एक सशुल्क संगणकीय सेवा आम्ही गेले वर्षभर वापरत आहोत. आमचे काम साताऱ्यातील एका लहान कार्यालयातून चालते. लोकसाहित्याचे अभ्यासक, शेतीविषयक माहितीपत्रके काढणाऱ्या संस्था आणि वकील अशा तिघांकडून आमच्याकडे मुद्रणे येतात. पूर्वी ही सारी मुद्रणे थांबवत, मागे नेत, पुन्हा ऐकत हातानेच उतरवावी लागत आणि तासाभराच्या बोलण्याला अख्खा दिवस जाई. सेवेचे नाव येथे दिलेले नाही, कारण ज्या दोषाविषयी मला मुख्यतः लिहायचे आहे त्याचे मूळ एखाद्या कंपनीच्या हलगर्जीपणात नसून शिवी कशाला म्हणावे याविषयीच्या एका चुकीच्या समजुतीत आहे.

आधी चांगले सांगतो. प्रमाण मराठीतील स्वच्छ मुद्रण असेल, एकावेळी एकच माणूस बोलत असेल आणि मागे पंख्याची घरघर नसेल, तर ही सेवा थक्क करणारे काम करते. तासाभराचा मजकूर काही मिनिटांत समोर येतो, आकडे नीट उमटतात आणि दोन वक्ते असल्यास त्यांची वाक्ये बहुतेक वेळा वेगळी ठेवली जातात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात, परंतु त्या दुरुस्त करायला फार वेळ लागत नाही. माणदेशी बोलीत अडखळणे वाढते आणि मालवणीत तर पानभर मजकुरातले अर्धे शब्द पुन्हा ऐकून बदलावे लागतात. तरीही एकूण श्रमांची बचत मोठी आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

प्रश्न आहे तो या सेवेतील अपशब्दांच्या चाळणीचा. खाते उघडताच ही चाळणी आपोआप सुरू असते, आणि ज्या शब्दाला ती अपशब्द समजते त्याचे पहिले अक्षर ठेवून उरलेल्या जागी फुल्या छापते. एका शेतकरी गटासाठी सेंद्रिय खताविषयीचे व्याख्यान आम्ही या सेवेतून उतरवून घेतले. वक्ते सांगत होते की गांडूळखताचा बेड सावलीत करावा, वर ओले गोणपाट टाकावे आणि पाणी साचू देऊ नये. समोर आलेल्या मजकुरात 'गां' या अक्षरापुढे फुल्यांची ओळ होती आणि हा शब्द व्याख्यानात जितक्या वेळा आला तितक्या वेळा तसेच घडले होते. पुढे ट्रॅक्टर भाड्याने घेण्याचा विषय निघाला, तर तेथेही 'भा' आणि फुल्या. एका कीर्तनाच्या मुद्रणात अर्जुनाच्या गांडीव धनुष्याचीही हीच गत झाली.

हे का होते, ते समजून घेण्याजोगे आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात. एकाच नामाची 'ला', 'ने', 'च्या', 'वर' लागून कितीतरी रूपे होतात. चाळणी तयार करणाऱ्याला प्रत्येक रूप वेगळे लिहिणे शक्य नसते, म्हणून तो शब्दाचा आरंभ जुळला की पुढे काहीही असले तरी शब्द रोखतो. त्या हिशेबाने गांडूळ हा शब्द एका शिवीला 'ळ' लागून झाला आहे आणि 'भाड्याने' हा दुसऱ्या शिवीला 'ने' लागून. याच न्यायाने इंग्लंडची राजधानीही अडायला हवी होती, परंतु 'लंडन' मात्र प्रत्येक वेळी स्वच्छ उमटते. याचा अर्थ अपवादांची यादी कोणीतरी केलेली आहे. ती करणाऱ्याला लंडन आठवले आणि गांडूळ आठवले नाही. ज्या भाषेचे बहुसंख्य बोलणारे शेतीशी या ना त्या नात्याने बांधलेले आहेत, त्या भाषेची चाळणी करताना शेतातला शब्द कोणाच्याही डोळ्यांसमोर येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परंतु अपवादांची यादी कितीही वाढवली तरी मूळ अडचण सुटणार नाही. 'आईला दवाखान्यात नेलं' आणि 'आईला, केवढा पाऊस!' या दोन वाक्यांतील पहिला शब्द अक्षरशः एकच आहे. पहिल्यात तो द्वितीयेतील साधे नाम आहे; दुसऱ्यात तो एका जुन्या, पूर्ण शिवीचा उरलेला तुकडा आहे, ज्यातले क्रियापद बोलणाऱ्याने गिळले आहे आणि बहुधा त्याला ते आठवतही नाही. 'आयला', 'मायला', 'च्यायला' ही सारी त्याच वाटेने झिजत आलेली रूपे आहेत. 'च्यायला' म्हणणारा माणूस कोणाच्याही आईविषयी काहीही म्हणत नसतो; तो आश्चर्य, वैताग किंवा कौतुक व्यक्त करतो. आमच्या सेवेने 'च्यायला' रोखला आणि 'आईला' सोडला, म्हणजे एकाच उद्गाराच्या दोन रूपांपैकी एक सभ्य ठरले आणि दुसरे असभ्य. यात सेवेचा इलाज नाही हे मला कळते. 'आईला' रोखला तर घराघरातील निम्मी वाक्ये फुल्यांनी भरतील.

मग एखादा शब्द शिवी कशाने होतो? या कामामुळे आमच्या कार्यालयात या प्रश्नाचा विचार रोजच करावा लागला आणि आमचे मत असे झाले की शब्दाच्या अंगी शिवीपण नसते, ते त्याला समाज देतो आणि समाजच काढूनही घेतो. ज्या गोष्टी उघड बोलायच्या नाहीत असे एखादा समाज ठरवतो, त्यांच्याच आसपास त्याच्या शिव्या जमतात. देहाची झाकलेली अंगे, संभोग, मलमूत्र, मृत्यू, रोगराई, आणि आपल्याकडे विशेषतः आई-बहिणीची अब्रू. एकाच अवयवाला वैद्यकाच्या पुस्तकात एक संस्कृत नाव असते, लहान मुलासाठी घरात दुसरे लाडके नाव असते आणि रस्त्यावर तिसरे असते. अर्थ तिन्हींचा तोच असूनही अंगावर येते ते फक्त तिसरे, कारण ते तोंडातून काढायचे नाही असे आपण सर्वांनी मिळून ठरवलेले आहे आणि ते काढणारा हा करार जाणूनबुजून मोडतो.

हा करार काळानुसार बदलतो, याचे फार जुने पुरावे मराठीत आहेत. महाराष्ट्र, गोवा आणि कोकणपट्टीत गधेगाळ नावाचे दगड सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये बहुधा दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे समागमाचे शिल्प, अशी त्यांची रचना असते. दिलेले दान जो मोडेल त्याच्या आईची अशी गत होवो, असा त्याचा अर्थ. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील बाराव्या शतकातला, शिलाहार राजा अपरादित्याच्या काळचा परळचा शिलालेख तर ही शापवाणी मराठीत, थेट क्रियापदासह उच्चारतो. जो शब्द आज कोणतीही चाळणी सर्वप्रथम अडवील, तो त्या काळी राजाज्ञेच्या शेवटी सर्वांच्या देखत दगडात कोरला गेला होता. गधेगाळांवरील एका व्याख्यानाचे मुद्रण आम्ही या सेवेला दिले, तेव्हा मूळ लेखाच्या उद्धृतातील नेमके तेच क्रियापद फुल्यांखाली गेले. अभ्यासकाला हवा असलेला पुरावाच मजकुरातून नाहीसा झाला.

तसेच बोरीच्या बाराचे. खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर समोरासमोर उभ्या राहतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्या दिवशी त्या शिव्यांनी कोणी दुखावत नाही, कारण तो दिवसच त्यासाठी नेमून दिलेला आहे. शिमग्यालाही बोंबा मारण्याची आणि शिव्या घालण्याची मुभा परंपरेने दिली, ती याच समजुतीने. शब्द तेच, पण करार वेगळा. बाराच्या मुद्रणाचा आमच्या हाती आलेला मजकूर पाहिला तर वाद्यांच्या आवाजातून जे थोडे शब्द यंत्राला ऐकू आले होते, त्यांतलेही बहुतेक फुल्या होऊन बसले होते.

या सगळ्यात मला सर्वांत अधिक खटकलेली गोष्ट एका वृद्ध बाईंच्या मुद्रणात घडली. जात्यावरच्या ओव्या सांगण्यासाठी त्या बसल्या होत्या. मुद्रण करायला गेलेला तरुण मुलगा उन्हातून आला होता आणि आल्या आल्या यंत्र मांडू लागला, तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "मेल्या, आधी पाणी पी की रांडेच्या, मग कर काय करायचं ते." पुढे ओव्यांच्या ओघात स्वतःची हकीकत निघाली. लहान वयात वैधव्य आले, केस काढले नव्हते तरी जाऊबाई भांडणात 'बोडके', म्हणजे केस काढलेली विधवा, म्हणून हाक मारायच्या, हे सांगताना त्यांचा आवाज तुटला आणि मुद्रणात बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. यंत्राने काढलेल्या मजकुरात पाणी पाजणारे वाक्य फुल्यांनी विद्रूप झाले होते. 'बोडके' हा शब्द मात्र जसाच्या तसा, कोणत्याही खुणेविना, एखाद्या साध्या विशेषणासारखा छापला गेला होता. त्या मुद्रणातील एकमेव शब्द, ज्याने खरोखर कोणाचे तरी आयुष्य पोळले होते, तो यंत्राच्या दृष्टीने निरुपद्रवी होता.

'रांड' या शब्दाचा इतिहासही तेच सांगतो. जुन्या मराठीत त्याचा एक सरळ अर्थ विधवा असा होता. 'रंडकी' हा शब्द त्याच कुळातला. तो शिवी झाला, कारण विधवेला समाजाने ज्या पायरीवर बसवले होते ती पायरीच अपमानाची होती आणि एखाद्या सुवासिनीला त्या नावाने हाक मारणे म्हणजे तिच्या नवऱ्याचे मरण चिंतणे होते. मुंबईत 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या केशवपनाला नकार दिला. पुढे प्रथाच संपत गेली आणि 'बोडकी' ही शिवी आज शहरातल्या मुलांना ऐकून कळतही नाही. उलट कोल्हापूरकडे दोन जिवलग मित्र भेटले की 'काय रं रांडेच्या' म्हणूनच एकमेकांना मिठी मारतात, आणि त्या क्षणी त्यांच्या मनात ना विधवा असते ना कोणाची आई. तोच शब्द अनोळखी माणसाने चारचौघांत म्हटला, तर तेथेच हातघाई होईल. कोकणातली आजी नातवाला 'मेल्या' म्हणते त्यात माया असते. 'फटकी' म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा, तिच्या नावाने दिलेला मालवणी शाप ऐकून आज कोणी भीत नाही, कारण गावेच्या गावे ओस पाडणारी ती साथ आता कोणी पाहिलेली नाही. कोण बोलला, कोणाला बोलला, दोघांत नाते काय, आणि ऐकणाऱ्याला उलट बोलण्याची मुभा होती की नव्हती, या चार गोष्टी कळल्याशिवाय कोणत्याही शब्दाला शिवी ठरवता येत नाही. आवाज ऐकणाऱ्या यंत्राला निदान सूर तरी ऐकू येतो, आणि कागदावर फक्त अक्षरे पाहणाऱ्या चाळणीपेक्षा त्याच्याकडून अधिक अपेक्षा ठेवणे गैर नाही.

आता जातीच्या शब्दांविषयी. आमच्याकडे आलेल्या एका जबानीच्या मुद्रणात एका माणसाने शेजाऱ्याला त्याच्या जातीच्या नावाने हिणवल्याचा उल्लेख वारंवार येत होता. सेवेने तो शब्द एकदाही रोखला नाही. आम्ही मुद्दाम अशी आणखी काही नावे वेगवेगळ्या सुरात उच्चारून पाहिली, बहुतेक सुटली. मी ती येथे लिहिणार नाही. या परीक्षणात देहाशी आणि नात्यांशी संबंधित काही शब्द मी मोकळेपणाने लिहिले आहेत, कारण ते वाचून फार तर एखाद्याला संकोच वाटेल. जातीच्या नावाने दिलेली शिवी मात्र एका माणसापुरती न राहता त्याच्या साऱ्या माणसांना, त्यांच्या पूर्वजांसकट, पुन्हा गावकुसाबाहेर उभे करते. 1989 च्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक दृष्टीसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे, आणि महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. राज्याने ज्या शब्दांची दखल पाट्यांपर्यंत जाऊन घेतली, ते शब्द या चाळणीच्या यादीत नाहीत. अडचण अशी की यांतले बरेचसे शब्द जातीच्या दाखल्यावर, सरकारी अर्जावर आणि इतिहासाच्या पुस्तकात योग्य जागी येतच असतात, म्हणून त्यांवर सरसकट फुल्या मारणेही चुकीचेच ठरेल. पुन्हा तोच मुद्दा: कोण, कोणाला, कशासाठी.

वकिलांच्या कामात ही चाळणी निव्वळ गैरसोयीची न राहता धोकादायक ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील शब्दांसाठी कलम 296, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी कलम 79 आणि शांतताभंगास चिथावणी देणाऱ्या अपमानासाठी कलम 352 आहे. तक्रारीत केवळ 'अर्वाच्य शिवीगाळ केली' एवढेच लिहून भागत नाही. प्रत्यक्ष शब्द काय होते ते न्यायालय विचारते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये एका वेबमालिकेच्या प्रकरणात शिवराळपणा आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले, तेव्हा शब्द कोणता आणि कोणत्या संदर्भात, याला अधिकच महत्त्व आले आहे. एका स्त्रीने धीर करून, मान खाली घालून जो शब्द एकदाच उच्चारला, तो मजकुरात फुल्या होऊन आला तर तिला तो पुन्हा उच्चारायला लावावे लागते. आमच्याकडे असा प्रसंग येऊ नये म्हणून जबानीचे प्रत्येक मुद्रण आता चाळणी बंद करून, आणि तरीही माणसाच्या कानाने पुन्हा तपासूनच पुढे जाते.

इंग्रजी शिव्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. देवनागरीत उतरलेल्या इंग्रजी शिव्या ही सेवा बहुतांशी सोडून देते, आणि शहरी तरुणांच्या मुद्रणांत त्यांचा सुळसुळाट आहे. जी मुले आईवडिलांसमोर मराठी शिवी कधी देणार नाहीत, ती इंग्रजी शिवी सहज देतात. परक्या भाषेतील शब्दाला लहानपणच्या धपाट्याची आठवण चिकटलेली नसते, म्हणून तो हलका लागतो. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांवर झालेल्या, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बालपणी ऐकलेली रागावण्याची वाक्ये मातृभाषेत ऐकताना त्वचेवरील विद्युत प्रतिसाद अधिक तीव्र आढळला होता. मराठी घरातही वेगळे काही घडत नसावे, असे मला वाटते.

सेवा घ्यावी की नाही, याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. व्याख्याने, बैठका, मुलाखती प्रमाण मराठीत असतील तर निःशंकपणे घ्यावी. चाळणी बंद करण्याची सोय आहे, परंतु ती खात्याच्या मुख्य पानावर नसून भाषेच्या उपविभागात आत दडलेली आहे, आणि नवे मुद्रण चढवण्यापूर्वीच ती बंद करावी लागते. एकदा फुल्या पडल्या की मूळ शब्द परत मिळत नाही, संपूर्ण मुद्रण पुन्हा चढवावे लागते आणि त्याचे मिनिटांप्रमाणे पैसेही पुन्हा जातात. कंपनीला आम्ही लेखी कळवले आहे की शब्द पुसून टाकण्याऐवजी तो तसाच ठेवून समासात खूण करावी, म्हणजे ठेवायचा की झाकायचा हे मजकूर वाचणारा माणूस ठरवील. चाळणी सुरुवातीला बंद असावी. आणि यादी करताना शेतकरी, लोकसाहित्याचे अभ्यासक आणि ज्यांना या शब्दांचा मार पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागला आहे अशी माणसे सोबत बसवावीत. उत्तरादाखल गांडूळ हा शब्द अपवादांच्या यादीत घातल्याचे कळले आणि आम्ही तपासून पाहिले तर ते खरे होते. 'भाड्याने' आणि 'गांडीव' अजून अडतात. बाकी सूचनांवर उत्तर आलेले नाही. तोपर्यंत आम्ही वर्षाची वर्गणी न भरता महिन्यामहिन्याची भरत आहोत, आणि जबान्या व लोकसाहित्याची मुद्रणे घेणाऱ्यांनीही तसेच करावे, अशी आमची शिफारस आहे.